निनवेच्या मैदानातील ख्रिस्ती : घरे, कागद आणि परतीची वाट

इराकमधील ख्रिस्ती समाज हा वसाहतकाळातील धर्मप्रसारातून उभा राहिलेला समाज नव्हे. इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतके तैग्रिसच्या खोऱ्यात त्याची गावे, मठ आणि पाठशाळा नांदत होत्या, आणि बगदादजवळच्या सेलुसिया-टेसिफॉन येथील त्याच्या धर्मपीठाचा अधिकार हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत मानला जात होता. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने ‘कॅलियाना’ या बंदरात पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे, आणि हे बंदर म्हणजे आपले कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आज या समाजातील बहुसंख्य लोक खाल्डियन, म्हणजे पोपचे नेतृत्व मानून स्वतःची पौर्वात्य उपासनापद्धती जपणाऱ्या पंथाचे आहेत. त्यांच्याखेरीज असीरियन, सिरियाक आणि आर्मेनियन पंथीयही आहेत, आणि यांतील अनेक घरांत ‘सुरेथ’ ही अरामी बोली अजून बोलली जाते.

सन 2003 पूर्वी इराकमध्ये 12 ते 15 लाख ख्रिस्ती असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आज ही संख्या अडीच लाखांच्याही खाली गेल्याचे मानले जाते. या ओहोटीचा सारा दोष ‘इस्लामिक स्टेट’ या एकाच संघटनेच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी ते अपुरे आहे. 2003 मध्ये सद्दाम हुसेनच्या पाडावानंतर सैन्य आणि पोलीस यंत्रणा कोलमडली, खंडणी आणि अपहरण हा धंदा झाला, आणि ज्यांच्या पाठीशी ना टोळी होती ना सशस्त्र गट, ते सर्वांत आधी भरडले गेले. 1 ऑगस्ट 2004 रोजी बगदाद आणि मोसुलमधील चर्चवर एकाच वेळी बाँबहल्ले झाले. 2008 मध्ये मोसुलचे आर्चबिशप पाउलोस फराज रहो यांचे अपहरण होऊन पुढे त्यांचा मृतदेह सापडला. 31 ऑक्टोबर 2010 रोजी बगदादच्या ‘सय्यिदत अल-नजात’ चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना घुसलेल्या हल्लेखोरांनी पन्नासहून अधिक माणसे मारली. यांतील प्रत्येक घटनेनंतर जॉर्डन, सीरिया किंवा कुर्दिस्तानच्या वाटेला लागणाऱ्या कुटुंबांत भर पडत गेली.

जून 2014 मध्ये मोसुल ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले, आणि पुढच्याच महिन्यात ख्रिस्ती रहिवाशांपुढे धर्मांतर, जिझिया, शहर सोडणे किंवा तलवार असे पर्याय ठेवण्यात आले. मुसलमानेतर प्रजेवरील हा कर मराठी वाचकाला औरंगजेबाच्या कारकिर्दीपासून परिचित आहे. मोसुलमध्ये मात्र कर भरून सुखरूप राहता येईल, यावर विश्वास ठेवणारा विरळाच होता. 19 जुलैच्या दुपारी मुदत संपण्यापूर्वी बहुतेक कुटुंबे निघाली, आणि वाटेतल्या नाक्यांवर पैसे, दागिने, औषधे, कागदपत्रे असे जे हाती लागले ते काढून घेण्यात आले. मागे राहिलेल्या घरांच्या भिंतींवर ‘नसारा’ म्हणजे ख्रिस्ती या शब्दाचे अरबी आद्याक्षर ‘नून’ रंगवलेले होते, आणि घर आता ‘इस्लामिक स्टेट’ची मालमत्ता असल्याचेही लिहिलेले होते. 6 ऑगस्टच्या रात्री कुर्दी पेशमर्गा सैनिक माघारी फिरताच कराकोश हे मोसुलजवळच्या निनवेच्या मैदानातील सर्वांत मोठे ख्रिस्ती शहर रिकामे झाले, आणि स्वायत्त कुर्दिस्तानची राजधानी अर्बिल हिच्याजवळच्या अंकावाची चर्चची आवारे, शाळा आणि अर्धवट बांधलेल्या इमारती निर्वासितांनी भरून गेल्या. त्याच दिवसांत सिंजारमधील यझिदी या अल्पसंख्य धर्मसमाजावर जे ओढवले ते याहूनही भीषण होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

कराकोशच्या दक्षिणेकडील मार बेहनाम मठाची कथा तपशिलाने सांगण्याजोगी आहे. संकट जवळ येताना दिसताच तेथील एका धर्मगुरूने शेकडो जुनी सिरियाक आणि अरबी हस्तलिखिते लोखंडी पिंपांत भरून जिन्याखालच्या कोठडीत ठेवली आणि पुढे भिंत बांधून तिला गिलावा केला. ‘इस्लामिक स्टेट’ने 2015 मध्ये मठाला ज्याचे नाव आहे त्या संताचे समाधिस्थान सुरुंगाने उडवले, शिलालेख आणि शिल्पे फोडली, पण ती भिंत कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि 2016 च्या अखेरीस मठ मुक्त झाल्यावर पिंपे जशीच्या तशी मिळाली.

कागद वाचले, तरी माणसे परत येणे त्याहून कठीण ठरले आहे. कराकोशमध्ये निम्म्याच्या आसपास लोक परतले. मोसुलमध्ये मात्र मोजकीच कुटुंबे आहेत, जरी ‘यूनेस्को’ने अल-नूरी मशिदीबरोबरच अल-ताहिरा आणि अल-साआ ही चर्चही पुन्हा उभी केली आहेत. अडचण दगडविटांची नाही. बगदादसह अनेक ठिकाणी परागंदा झालेल्यांची घरे बनावट कागदपत्रांनी बळकावली गेली, आणि हा प्रकार इतका उघड होता की जानेवारी 2021 मध्ये शिया नेते मुक्तदा अल-सद्र यांनी त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. निनवेच्या मैदानावर बगदाद आणि अर्बिल ही दोन्ही सरकारे दावा सांगतात, आणि नाक्यांवर आजही निरनिराळ्या सशस्त्र गटांची हुकमत आहे. 329 सदस्यांच्या संसदेत ख्रिस्त्यांसाठी 5 जागा राखीव आहेत खऱ्या, पण या जागांसाठी मतदान कोणीही करू शकत असल्याने बड्या पक्षांची मते निकाल फिरवतात, आणि 2021 मध्ये यांतील 4 जागा इराणधार्जिण्या सशस्त्र गटाशी निगडित ‘बॅबिलॉन’ चळवळीने जिंकल्या.

मार्च 2021 मध्ये पोप फ्रान्सिस मोसुलच्या पडझड झालेल्या चर्चचौकात उभे राहिले आणि नजफमध्ये ज्येष्ठ शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनाही भेटले, तेव्हा अनेकांना धीर आला होता. परंतु 2023 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी खाल्डियन पॅट्रिआर्क, म्हणजे त्या पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू लुई साको यांना मान्यता देणारा जुना आदेश रद्द केला, आणि साको बगदाद सोडून कुर्दिस्तानात गेले. 2024 मध्ये पंतप्रधानांच्या निमंत्रणावरून ते परतले. साको यांची मागणी आश्रयाची नसून समान नागरिकत्वाची आहे. उदाहरणार्थ, 2015 च्या राष्ट्रीय ओळखपत्र कायद्यातील कलम 26 नुसार आई-वडिलांपैकी एकाने इस्लाम स्वीकारला की अल्पवयीन मुलांचीही नोंद मुस्लिम म्हणून होते, आणि या कलमाविरुद्ध ख्रिस्ती, यझिदी आणि मंदियन या तिन्ही अल्पसंख्य समाजांनी एकत्र आवाज उठवूनही ते कायद्यातून हटलेले नाही.