नाइफमधला ‘के’ गेला कुठे?

दोस्तांनो, वही उघडा आणि महाड तालुक्यातल्या तळीये गावाचं नाव इंग्रजीत लिहा बरं. टी, ए... आणि पुढे? ‘ळ’साठी इंग्रजीत अक्षरच नाही! मग आपण ‘एल’वर भागवतो. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली, खूप माणसं गेली आणि डोंगरातल्या या छोट्या गावाचं नाव देशभरातल्या इंग्रजी बातम्यांत आलं. कुणी ते टी-ए-एल-आय-वाय-ई असं लिहिलं, तर कुणी टी-ए-एल-ए-आय. लांबून वाचणाऱ्याला ही दोन निराळी गावं वाटली, तर त्याचा काय दोष? म्हणून स्पेलिंग फक्त परीक्षेतल्या मार्कांसाठी नसतं. आपण कशाबद्दल बोलतोय, ते समोरच्याला नेमकं कळावं, यासाठी ते असतं.

आता जरा जीभ तपासू. ‘ल’ म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलं ना? आता ‘ळ’ म्हणा. टोक मागे वळून टाळूकडे गेलं! इंग्रजीत हा ध्वनी नाही, म्हणून त्याला अक्षरही नाही.

उलटी गंमतही आहे. आरशासमोर उभे राहा आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन हा शब्द इंग्रजी पद्धतीने म्हणा. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. हा झाला ‘व्ही’. आता ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम म्हणा. इथे दात ओठाला लावायचेच नाहीत, ओठांचा चंबू करायचा. हा ‘डब्ल्यू’. मराठी बोलताना आपण दोन्हींसाठी एकच ‘व’ वापरतो. त्यामुळे व्ही आणि डब्ल्यूची अदलाबदल मराठी मुलांच्या वह्यांत हमखास सापडते. ही चूक आळसातून येत नाही. आपल्या कानाला मराठीची सवय असते, तिथून ती येते.

इंग्रजीची स्वतःची अडचणही मोठी आहे. तिच्यात ध्वनी आहेत सुमारे ४४ आणि अक्षरं फक्त २६. मग एकेका अक्षराला दोन-दोन, तीन-तीन कामं करावी लागतात. ते एक वेळ समजू शकतं. पण काही अक्षरं कामच करत नाहीत, नुसती बसून असतात, त्यांचं काय?

तुमच्यापैकी बरेच जण स्पेलिंग पाठ करताना एक युक्ती करतात. ‘वेन्सडे’ला म्हणतात ‘वेड-नेस-डे’. ‘नाइफ’ला म्हणतात ‘क-नाइफ’. ‘आयलंड’ला म्हणतात ‘इस-लँड’. ऐकणारे हसतात. पण खरी चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. यातले पहिले दोन उच्चार जुन्या इंग्रजांच्या बोलण्याच्या बरेच जवळ जातात!

सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये चाकूला ‘क्नीफ’ म्हणत. ‘के’ स्पष्ट ऐकू येई. गुडघ्याच्या ‘नी’चं स्पेलिंग के-एन-ई-ई असतं ना? इंग्रजीची सख्खी नातेवाईक असलेल्या जर्मन भाषेत गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतात. ‘नाइट’ म्हणजे रात्र, तिच्या पोटातला जी-एचसुद्धा पूर्वी घशातून ‘ख’सारखा निघायचा. जर्मन माणूस रात्रीला अजूनही ‘नाख्ट’ म्हणतो. आणि वेन्सडे? जुन्या इंग्रजांचा वोडेन नावाचा देव होता. त्याचा वार तो वेन्सडे. त्यातला ‘डी’ आहे वोडेनचा.

सगळ्यात छान शब्द आहे ‘नेम’. एन-ए-एम-ई. मराठी वाचतो तसा अक्षर न् अक्षर वाचा: ‘ना-मे’. सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज हा शब्द जवळजवळ असाच उच्चारत. आपल्या ‘नाम’सारखाच वाटतो ना? तो योगायोग नाही. हजारो वर्षांपूर्वी या दोन्ही शब्दांचं मूळ एकच होतं.

मग बोलणं बदललं, तर स्पेलिंग का नाही बदललं? १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमधला पहिला छापखाना लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला काढला. छापील पुस्तकं पसरू लागली आणि शब्दांची स्पेलिंगं हळूहळू पक्की व्हायला लागली. पण साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजांचे स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. धावणाऱ्या मुलाचा फोटो काढावा, तसं झालं. मुलगा पुढे निघून गेला, फोटोत मात्र तो होता तिथेच राहिला. पुढे १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा मोठा शब्दकोश आला आणि बरीचशी स्पेलिंगं कायमची ठरली.

राहिला आपला ‘इस-लँड’. त्यातला ‘एस’ कुणी कधीच उच्चारला नाही! जुन्या इंग्रजीत या शब्दात एस नव्हताच. बेटाला लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणतात. आपल्या शब्दाचं मूळ तेच, असा समज झाला आणि एस आत घुसला. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्येही असंच झालं. लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी त्यात एक मुका ‘बी’ बसवला.

आता जुळ्या भावंडांसारख्या शब्दांकडे येऊ. यांत गफलत झाली, तर मोबाइलही बऱ्याचदा लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं खरीच असतात. इथे आपणच खूण शोधायची. ‘देअर’ दोन आहेत. जागा दाखवणाऱ्या देअरमध्ये एच-ई-आर-ई म्हणजे ‘हिअर’ लपलेला आहे. कुठे विचारणाऱ्या ‘व्हेअर’मध्येही तोच आहे. तिन्ही शब्द जागेचे! ‘त्यांचं’ सांगणारा देअर मात्र ई-आय-आर असा संपतो. सैल या अर्थाच्या ‘लूस’मध्ये दोन ओ, हरवण्याच्या ‘लूझ’मध्ये एकच. ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ मोठ्याने म्हणून पाहा. शेवटी ‘स’ ऐकू आला, तर तो सल्ला आणि तिथे सी. ‘झ’ ऐकू आला, तर सल्ला देणं आणि तिथे एस. शांत या अर्थाचा ‘क्वाएट’ ई-टीने संपतो आणि बराचसा या अर्थाचा ‘क्वाइट’ टी-ईने.

लिहून झालं की लगेच तपासू नका. आपण काय लिहायचं ठरवलं होतं ते मेंदूला पाठ असतं. त्यामुळे कागदावर चूक असली, तरी तो बरोबर शब्दच वाचून मोकळा होतो. थोडं खेळून या. मग शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचा आणि शेवटच्या वाक्याकडून सुरुवात करा. अर्थाच्या ओघात वाहून न जाता अक्षरं नीट दिसतात.

लिहिण्याची काळजी घेण्याचा हा धडा महाडच्या मातीला नवा नाही. याच तालुक्यात शिवथर घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला, असं मानतात. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला, म्हणजे भागातला, पहिलाच समास, म्हणजे प्रकरण, लेखनावर आहे. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं, पहिल्या अक्षराची निगा ग्रंथ संपेपर्यंत टिकावी, हे त्यांनी मुद्दाम शिकवलं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्यामुळे मराठी शाळेतल्या तुमच्या वहीतही इंग्रजी शब्दांखाली लाल रेघा येणारच. त्यांना घाबरू नका. एका जुन्या वहीत तीन रकाने आखा: मी लिहिलेला शब्द, बरोबर शब्द आणि चूक का झाली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. कान फसला, जुळा शब्द आला, की मुकं अक्षर विसरलं? कारण सापडलेला शब्द पाठ करावा लागत नाही, तो लक्षात राहतो. आणि कारण सापडलं नाही, तर बाईंना किंवा सरांना बिनधास्त विचारा: हे अक्षर इथे आलं कुठून?