बोल्ट बसवणं म्हणजे अलाइनमेंट नव्हे

पुढचं टायर आतल्या कडेनं झिजलेलं दिसलं, की अलाइनमेंटच्या दुकानात हमखास ऐकू येतं, "कॅम्बर बाहेर गेलाय, आणि या गाडीत तो ॲडजस्ट होत नाही." तो ॲडजस्ट होत नाही, हे बहुतेक वेळा खरंच असतं. आपल्याकडच्या बहुसंख्य हॅचबॅक आणि छोट्या सेडानना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि त्यात कंपनीनं फक्त टो बदलायची सोय ठेवलेली असते. मग मालक शोधाशोध करतो, ऑनलाइन कॅम्बर बोल्ट सापडतो आणि तो घरीच बसवायचं ठरतं. आपल्या गाडीचं काम आपण करावं ही इच्छा चांगलीच आहे. पण हा बोल्ट कोन बदलायला फक्त वाव देतो. कोन किती बदलायचा हे मोजूनच ठरतं. या कामाबद्दलचे बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्यामुळे होतात.

गैरसमज : गाडी टायर आतून खाते, म्हणजे कॅम्बरच बिघडला

समोरून पाहिल्यावर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर किती कललं आहे, तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर दोन्ही चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे वळली आहेत की फाकली आहेत, तो टो. टायर झपाट्यानं संपवतो तो बहुधा टो. चाक सरळ दिशेपासून अर्धा अंश जरी वळलेलं राहिलं, तरी भूमितीच्या हिशेबानं ते किलोमीटरमागे जवळजवळ ९ मीटर आडवं घासलं जातं. चाकं बाहेर फाकलेली असतील तर झीज आतल्या कडेलाच दिसते, म्हणून दोष कॅम्बरवर जातो. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवून पाहावा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं खरखरीत लागलं, तर आधी टोवर संशय घ्यावा. तो टाय रॉडवरच दुरुस्त होतो, त्यासाठी नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

कॅम्बर खरोखरच बाहेर असेल, तर तो का गेला हा पुढचा प्रश्न. कंपनी तिथे सोय ठेवत नाही, कारण सगळे भाग शाबूत असतील तर कोन मर्यादेतच बसतो. एकाच चाकाचा कॅम्बर बिघडला असेल, तर खड्ड्यात किंवा दुभाजकावर आपटून लोअर आर्म, नकल (चाकाचा हब धरणारा भाग) किंवा स्ट्रट वाकल्याची शक्यता मोठी असते. बुश किंवा बॉल जॉइंट सैल झाल्यानंही हे होतं. अशा वेळी बोल्टनं आकडा जागेवर आणला, तरी वाकलेला भाग गाडीत तसाच राहतो. काही कंपन्या स्वतःच दुरुस्तीसाठी बारीक दांड्याचे बोल्ट देतात, मग आपण का बसवू नयेत, असा यावर आक्षेप येतो. तो रास्त आहे. पण तो बोल्ट सगळे भाग तपासून झाल्यावर उरलेला थोडासा फरक काढण्यासाठी असतो.

गैरसमज : बाजारातला भाग मूळ भागापेक्षा मजबूतच असतो

कॅम्बर बोल्टचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि त्यावर एका बाजूला फुगवटा असतो. बोल्ट फिरवला की तो फुगवटा नकलला आत किंवा बाहेर ढकलतो. साधारण दीड-पावणेदोन अंशांपर्यंत वाव मिळतो. स्ट्रट आणि नकल एकमेकांना घट्ट दाबून धरलेले असतात आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाकाचा कोन टिकवतं. म्हणून बोल्ट किटमध्ये सांगितलेल्या भोकातच घालावा आणि किटमध्ये दिलेल्या टॉर्कवर, टॉर्क रेंचनंच आवळावा. आट्यांना तेल-ग्रीस लावलं तर त्याच टॉर्कला ताण जास्त पडतो आणि बारीक दांडा तुटू शकतो. कमी आवळला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात कोन सरकतो. भोक कानसीनं लांबट करणं तर सर्वांत घातक.

गैरसमज : व्हिडिओ पाहून सगळंच घरी होतं

बोल्ट बदलणं, टाय रॉड एंड बदलणं, लोअर आर्म बदलणं ही कामं योग्य हत्यारं असतील तर घरी होतात. मात्र गाडी जॅकवर तोलून काम करू नये. जॅक स्टँड हवेतच, मागच्या चाकांना उटीही हवी. स्प्रिंगवरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसरशिवाय उघडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. नकल मोकळी करताना ती ब्रेकच्या पाइपवर किंवा एबीएसच्या वायरवर लटकू देऊ नये. आर्मचे रबरी बुश चाक हवेत लोंबत असताना आवळले, की गाडी खाली येताच ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. म्हणून ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळायचे.

गैरसमज : मोबाइल आणि दोरी असली की मशीनची गरज नाही

रेसिंगचे संघ आजही दोरी लावून टो मोजतात, हा आक्षेप खरा आहे. पण ते आधी जमीन समतल करून घेतात. आपल्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. दीड मीटर रुंदीत एक सेंटीमीटर उतार असला, तरी मोबाइलवर एका चाकाचा कॅम्बर सुमारे ०.४ अंश जास्त आणि दुसऱ्याचा तेवढाच कमी दिसतो. १५ इंची रिमवर टो मोजताना एक मिलिमीटर चुकला, की ०.१५ अंशांची चूक होते. बहुतेक गाड्यांत टोला मिळणारी सूटही याच मापाची असते. त्यात कॅम्बर हलवला की टोही हलतो. घरची मापं गाडी जवळच्या दुकानापर्यंत हळू नेण्यापुरती पुरेशी मानावीत. तिथेही टायरमधली हवा सारखी आणि सगळे जॉइंट घट्ट असतील, तरच स्क्रीनवरच्या हिरव्या आकड्यांना अर्थ आहे. स्टिअरिंग अँगल सेन्सर किंवा लेन पाहणारा कॅमेरा असलेल्या गाड्यांत कंपनीच्या सूचनेप्रमाणे त्यांचं कॅलिब्रेशनही करून घ्यावं लागतं.

गैरसमज : भाग चाकाआड असतो, कायद्याचा संबंध नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. झिजलेला भाग बदलून कोन कंपनीच्या मापात परत आणणं वेगळं आणि दिसण्यासाठी आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवणं वेगळं. गाडी खाली बसली की बहुधा चाकं वरून आत कलतात, मग तो कोन सावरायला पुन्हा बोल्ट शोधावे लागतात. अपघातानंतर विमा कंपनीही अशा बदलांबद्दल विचारू शकते.

म्हणून भाग मागवण्यापूर्वी अलाइनमेंटचा छापील अहवाल घ्यावा आणि डाव्या-उजव्या चाकांचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. एकच बाजू बिघडलेली असेल, तर कॅम्बर बोल्टचे पैसे वाकलेला भाग शोधून बदलण्यावर खर्चावेत. सगळे भाग शाबूत असूनही कोन थोडा बाहेर असेल, तर बोल्ट स्वतः बसवावा आणि त्याच दिवशी गाडी मशीनवर न्यावी. पुढच्या चाकांवर गाडीचं वळणंही अवलंबून असतं आणि बरंचसं ब्रेकिंगही. तिथे अंदाजानं केलेल्या कामाची किंमत टायरच्या किमतीपेक्षा फार मोठी असू शकते.