बाळंतिणीच्या खोलीतला दवाखाना

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याच्या वाट्याला अरण्य उदंड आले. रस्ते आणि दवाखाने मात्र विरळच. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला म्हणजे कित्येक गावांचा तालुक्याशी संबंध तुटे, आणि अशा दिवसांत नवजात अर्भक आजारी पडले तर देवाची करुणा भाकण्यावाचून आईबापांपाशी दुसरी तजवीज नसे. या मुलखात १९८६ साली डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य येऊन राहिले. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पुढे नवजातांसाठी जी व्यवस्था उभारली तिचे मर्म हे, की रोगी उपचारापर्यंत पोहोचू शकत नसेल, तर उपचारानेच त्याच्या घरचा उंबरठा ओलांडावा.

हे काम ज्यांच्या हाती सोपविले गेले, त्या आरोग्यदूत स्त्रिया त्या त्या गावच्याच रहिवासी, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या. सुईणीबरोबर त्या प्रसूतीच्या वेळी हजर राहत, आणि त्यानंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, शिवाय बोलावणे येईल तेव्हा, घरी जाऊन बाळबाळंतिणीची विचारपूस करीत. त्यांच्या पिशवीत वजनाचा झोळीसह काटा, तापमापक, घड्याळ, घशातला चिकटा ओढून काढण्याची नळी, जन्मतः न रडलेल्या मुलाला श्वास देण्याचे साधन आणि अशक्त अर्भकाला ऊब देणारी दुलईची पिशवी असे. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी याच संस्थेने त्याआधी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ व मणी जोडलेला श्वासमापक घडविला होता : दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वीच तांबडा मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजावयाचा.

परंतु साधनांहूनही मोलाची गोष्ट होती ती निरीक्षणाची. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचे निदान प्रयोगशाळेवाचून कसे करावे, या बिकट प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे आईच्याच बोलण्यात दडलेले होते. मूल पूर्वीसारखे रडत नाही, अंगावर नीट पीत नाही, हातपाय गळाल्यासारखे झाले, अंग गार लागते, पोट फुगले, हे ती सांगे. आरोग्यदूत श्वास मोजी, नाळेची जागा तपासी. आणि ठरवून दिलेल्या लक्षणांपैकी दोन एकाच वेळी आढळली, म्हणजे मूल इस्पितळात नेण्याचा सल्ला प्रथम दिला जाई. आईबाप नेण्यास राजी नसले, तर त्यांची संमती घेऊन ती घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाची सुई दिवसातून दोन वेळा आठवडाभर वा त्याहून थोडे अधिक दिवस टोची आणि सोबत पोटात घ्यावयाचे औषध देई. मोलमजुरी करणाऱ्या घरातली, शाळा अर्धवट सुटलेली स्त्री ओंजळीएवढ्या जीवाला सुई टोचणार, या कल्पनेने कोणाचेही मन साशंक व्हावे. म्हणूनच ३९ गावांत ही सेवा आणि तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ती नाही, अशी रचना करून प्रत्येक जन्माची व मृत्यूची काटेकोर नोंद ठेवण्यात आली.

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्या नोंदींचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत, ते प्रमाण २५ वर आले. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर अर्भकांपैकी पूर्वी सोळासतरा दगावत, ती संख्या तिनाच्या आत आली. २०११ साली भारत सरकारने नवजातांच्या गृहसेवेचे काम गावोगावच्या ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्तीकडे सोपविले. इस्पितळात जन्मलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात गृहभेटी ठरल्या.

घरी बरे होणे म्हणजे इस्पितळाचा लाभ न होणाऱ्यांनी पत्करलेली दुय्यम प्रतीची सोय, असा एक समज आपल्यात रुजला आहे. मला तो मान्य नाही. इस्पितळाची महती निर्विवाद असली, तरी ते फार तर रोगाची एक घटका पाहते. अर्भकाचे रडणे काल कसे होते आणि आज कसे आहे, हे घरालाच ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असण्याला शास्त्राची जोड देणे हेच या स्त्रियांचे कर्तृत्व. अठ्ठाविसाव्या दिवशी आरोग्यदूत मूल झोळीत घालून काटा उचलते व वहीत शेवटचा आकडा लिहिते, तेव्हा एका बाळाची भेटमालिका पुरी होते. आईला मात्र काय पाहावे आणि केव्हा हाक मारावी हे कळलेले असते, आणि हाक मारण्याजोगे घर त्याच आळीत, चार पावलांवर असते.