टाके सुटणे, गोटाच्या शिवणीतील

टाके सुटणे, गोटाच्या शिवणीतील : यंत्राने शिवताना सुईचा धागा बॉबिनच्या धाग्यात न अडकल्यामुळे शिवणीत पडणारा खंड. असा खंड पडला म्हणजे दोन किंवा अधिक टाक्यांच्या जागी एकच लांब व सैल टाका दिसतो. गाद्या, सोफे, मोटारगाड्यांच्या बैठका, प्रवासी पिशव्या इत्यादींच्या कडा उठावदार व टिकाऊ व्हाव्यात म्हणून कापडाच्या किंवा चामड्याच्या पट्टीत दोरी गुंडाळून ती दोन भागांच्या सांध्यात शिवतात. या गोटास कारागिरांत ‘पायपिंग’ म्हणतात. सपाट शिवण निर्दोष घालणारे यंत्रही गोट शिवताना पुष्कळदा टाके सोडते.

हा दोष केवळ दिसण्यातला नाही. विणलेल्या कापडातील सुईचे छिद्र सूत सरकून बहुतांशी बुजते. चामडे किंवा प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड यांतील छिद्र मात्र कायम राहते. शिवण उसवून पुनःपुन्हा घातल्यास छिद्रांची रांग दाट होते आणि टपालाच्या तिकिटांप्रमाणे माल त्याच रेषेवर फाटतो. म्हणून दोषाचे कारण प्रत्यक्ष मालावर न शोधता त्याच मालाच्या टाकाऊ तुकड्यावर व ठरावीक क्रमाने शोधणे आवश्यक असते.

टाका पडण्याची क्रिया : या कामासाठी सामान्यतः ‘लॉकस्टिच’ पद्धतीची व फिरत्या हुकाची जड यंत्रे वापरतात. फिरत्या हुकाचे एकस्व (पेटंट) ॲलन बी. विल्सन यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत मिळविले. सुईच्या एका बाजूस लांब खाच असते. तीत धागा सुरक्षित राहतो. विरुद्ध बाजूस नेढ्याच्या वर खोलगट भाग असतो. सुई तळाशी जाऊन वर येऊ लागली की, मालाशी होणाऱ्या घर्षणामुळे धागा तिच्याबरोबर पूर्णपणे वर येत नाही व खोलगट बाजूस त्याचा लहानसा फास बाहेर पडतो. सुई सुमारे २ ते २·५ मिमी. वर आलेली असताना हुकाचे टोक या फासात शिरते, त्यास बॉबिनभोवती फिरविते आणि टाका पूर्ण होतो. यावरून टाके सुटण्याची कारणे दोनच प्रकारची असतात, हे स्पष्ट होते : एक तर फास नीट होत नाही किंवा झालेल्या फासापर्यंत हुकाचे टोक पोहोचत नाही.

गोटामुळे येणाऱ्या अडचणी : सपाट शिवणीत दाबपाय सुईच्या सभोवती माल घट्ट धरून ठेवतो. गोटाच्या शिवणीत दोरीचा उंचवटा सुईला लागूनच असतो. दाबपायाची खोबण दोरीच्या मानाने लहान असेल, तर पाय दोरीवर चढतो व सुईजवळचा माल मोकळा राहतो. असा माल सुईबरोबर उचलला जातो आणि फास होत नाही. खोबण फार मोठी असल्यास दोरी आत डुलते व सुई कधी दोरीजवळ, तर कधी दोरीवर उतरते. दोरी प्लॅस्टिकची व कठीण असेल, तर तिच्या अंगावरून घसरून सुई वाकते आणि हुकापासून दूर जाते. पट्टीचे दोन व मुख्य मालाचे दोन असे किमान चार थर एका वेळी शिवावे लागतात. पट्टीच्या जोडावर व कोपऱ्यांवर ही संख्या आणखी वाढते. टाके मुख्यतः अशाच जागी सुटतात.

तपासणीचा क्रम : प्रथम दोरी न घालता त्याच मालाचे चार थर त्याच सुई-धाग्याने शिवून पाहतात. टाके नीट पडल्यास हुकाची वेळ बहुधा योग्य असते व दोष दाबपाय, दोरी किंवा सुईचे वाकणे यांत असतो. सपाट थरांवरही टाके सुटल्यास सुई व धागा आधी आणि हुक सर्वांत शेवटी तपासतात.

सुई नवी बसविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. ती वरपर्यंत बसलेली असावी व तिची खोलगट बाजू नेमकी हुकाकडे असावी. सुईचा क्रमांक हा तिचा व्यास मिमी.च्या शंभराव्या भागांत दर्शवितो. ११० क्रमांकाची सुई १·१ मिमी. जाडीची असते. टेक्स ७० च्या धाग्यास ११०, टेक्स ९० च्या धाग्यास १२५ आणि टेक्स १३५ च्या धाग्यास १४० क्रमांकाची सुई सामान्यतः योग्य ठरते. बारीक सुईत जाड धागा अडखळतो. फार जाड सुईचे छिद्र मोठे पडून धाग्याचे घर्षण कमी होते. चामड्यास धारदार टोकाची, तर विणलेल्या कापडास गोल टोकाची सुई लागते.

त्यानंतर दाबपाय पाहतात. खोबण गुंडाळलेल्या दोरीपेक्षा किंचितच मोठी असावी. दोन पायांच्या यंत्रात दोन्ही पायांना एकाच बाजूस खोबण असावी लागते. सुई वर येऊ लागते त्या क्षणी आतला पाय माल घट्ट दाबून आहे किंवा नाही, हे हातचाक सावकाश फिरवून दिसते. वरच्या धाग्याचा ताण अधिक असल्यासही फास लहान होतो.

एवढे करूनही दोष राहिल्यास हुकाकडे वळतात. त्यापूर्वी वीजपुरवठा तोडून मोटर पूर्ण थांबू देणे आवश्यक असते. क्लच मोटर वीज बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते. हुकाचे टोक सुईला न घासता तिच्या अगदी जवळून जावे. हे अंतर साधारणतः ०·१ मिमी.हून अधिक नसावे. १४० क्रमांकाची सुई काढून ११० क्रमांकाची बसविल्यास केवळ जाडीतील फरकाने हे अंतर सुमारे ०·१५ मिमी.ने वाढू शकते. म्हणून सुईचा क्रमांक बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घेतात. धागा अडकून बसल्यास काही यंत्रांतील सुरक्षा क्लच सुटतो. तो पुन्हा बसविल्यावर हुकाची वेळही तपासावी लागते. प्रारंभीच हुक ढिला केल्यास मूळ दोष तसाच राहून दुसऱ्याची भर पडते.

सुटलेल्या टाक्यांची दुरुस्ती : कापडात दोषाच्या दोन्ही बाजूंस सुमारे २ सेंमी. पुढे जाऊन शिवण त्याच रेषेवर पुन्हा घालतात. चामड्यात व लेप दिलेल्या कापडात मात्र नवी छिद्रे न पाडता त्याच जाडीच्या धाग्याने जुन्या छिद्रांतून हाताने टाके भरतात.