शजरा शोधताना 'वल्द' हा शब्द पाहा

घरात विचारलं तर बहुधा परदादांपर्यंतच नावं निघतात. पुढचा शजरा जुन्या कागदांत असतो. पुसेगाव आज हिंगोली जिल्ह्यात असलं, तरी १९९९ पर्यंत हा भाग परभणी जिल्ह्यात आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुन्या नोंदी परभणीच्या नावाने, आणि उर्दूतही शोधा.

निकाहनामा, शाळेचं प्रवेश रजिस्टर, १९५४ चं खासरा पत्रक पाहा. 'वल्द' म्हणजे 'चा मुलगा'. एका ओळीत दोन पिढ्या मिळतात.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बऱ्याचदा याच कागदांत मिळतो. म्हणून उर्दू वाचणारे बुजुर्ग आहेत तोवर त्यांच्याकडून नावं वाचून, लिहून घ्या.