पेसमेकरची चिप आणि प्रकाशाची स्मृती

छातीत पेसमेकर असलेल्या दापोलीच्या रुग्णाला कर्करोगासाठी मुंबईत किरणोपचार घ्यावे लागले, तर डॉक्टरांना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : गाठ आणि पेसमेकरमधली चिप.

किरणोत्सारामुळे चिपमध्ये साठवलेल्या शून्याचा एक होऊ शकतो. बेल्जियममधील शारबेक येथे २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मते जादा पडलेली दिसली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. अर्थात संगणकातला एकच अंक उलटला होता. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही, तेव्हा अवकाशातून आलेल्या कणावर संशय गेला.

कामानुसार आतली जोडणी बदलता येणाऱ्या चिप १९८५पासून मिळतात. जोडणीचा आराखडा मेमरीत असतो. तो बिघडला, की चिप भलतेच काम करू लागते. यावर जपानमधील मिनोरू वातानाबे यांनी वेगळा मार्ग शोधला. त्यांनी आराखडा होलोग्राममध्ये साठवला. त्यावर लेझर सोडला, की प्रकाशाचे ठिपके चिपवरील प्रकाशसंवेदी डायोडवर पडतात. ठिपका पडला तिथे एक, न पडला तिथे शून्य. सारा आराखडा एकदमच चिपवर उतरतो. पुढे बिघाड झाला, तर क्षणार्धात तो पुन्हा उतरवता येतो.

होलोग्राफीची कल्पना डेनिस गॅबॉर यांनी १९४७मध्ये मांडली. १९७१मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फोटोचा कोपरा फाटला, तर तेवढा भाग कायमचा जातो. होलोग्रामच्या तुकड्यातून मात्र संपूर्ण चित्र दिसते, फक्त जरा अंधूक. त्यामुळे किरणोत्साराने त्याचा काही भाग खराब झाला, तरी आराखडा वाचता येतो. अवकाशयाने आणि अपघातग्रस्त अणुभट्टीत शिरणारे यंत्रमानव यांना अशी चिप उपयोगी पडेल. फुकुशिमा येथे २०१७मध्ये एका यंत्रमानवाचा कॅमेरा तीव्र किरणोत्सारापुढे टिकला नव्हता.

हे तंत्र पेसमेकरमध्ये आलेले नाही. लेझर आणि होलोग्रामसाठी जागा व वीज लागते, आणि पेसमेकरची बॅटरी तर अनेक वर्षे पुरवायची असते. तोवर काळजी आपणच घ्यायची. पेसमेकरचे कार्ड नेहमी जवळ बाळगावे. किरणोपचार ठरण्याआधीच डॉक्टरांना त्याची माहिती द्यावी. पेसमेकरवर थेट झोत पडणार नाही, अशी आखणी करता येते. उपचारापूर्वी आणि नंतर त्याची तपासणीही होते. साध्या एक्स-रेची धास्ती नको. आणि पेसमेकर आहे म्हणून कर्करोगाचे उपचार टाळणे, ही सर्वांत मोठी चूक ठरेल.