काळ्या पानांची फाईल
हक्कांचे जग : लेखांक ६

२०१९ च्या अखेरीस नेदरलँड्समधील काही पालकांना कर विभागाकडून स्वतःची फाईल मिळाली. वर्षानुवर्षे ते एकच विचारत होते, आमच्यावर फसवणुकीचा शिक्का कशामुळे बसला? हाती आलेल्या फाईलची पानेच्या पाने काळी करून दिलेली होती. आपल्याच घराबद्दल सरकारने काय नोंदवून ठेवले आहे, ते वाचण्याचीही त्यांना मुभा नव्हती.

गेल्या आठवड्यात आपण कायद्याच्या पुस्तकात उघड लिहिलेला भेदभाव पाहिला. आजचा विषय त्याहून नवा आहे. हा भेदभाव कोणत्याही कलमात सापडत नाही. तो संगणकाच्या आज्ञावलीत, एखाद्या रकान्यात असतो आणि ज्याच्यावर होतो त्याला त्याचा पत्ताही नसतो.

नेदरलँड्समध्ये पाळणाघर महाग आहे. नोकरी करणाऱ्या आईबापांना त्या खर्चाचा मोठा वाटा सरकार भत्ता म्हणून देते. उत्पन्न जितके कमी तितका भत्ता जास्त. पैसे आधी खात्यात जमा होतात, पक्का हिशेब मागाहून होतो. २०१३ मध्ये बल्गेरियातील टोळ्यांनी खोटे पत्ते दाखवून सरकारी भत्ते उचलल्याचे उघडकीला आले. माध्यमांत गदारोळ झाला, संसदेत कडक कारवाईची मागणी झाली आणि त्याच वर्षी कर विभागाने पाळणाघर-भत्त्याचे अर्ज तपासायला जोखीम मोजणारी संगणकप्रणाली कामाला लावली.

ही प्रणाली कशी चालायची, ते नीट समजून घ्यायला हवे. पूर्वीचे बरोबर ठरलेले आणि चुकीचे ठरलेले अर्ज तिला दाखवले होते. त्यावरून ती शिकायची आणि प्रत्येक नव्या अर्जाला जोखमीचे गुण द्यायची. ज्यांचे गुण सर्वांत जास्त, ते अर्ज तपासणीसाठी माणसाकडे जायचे. गुण ठरवताना ज्या गोष्टी पाहिल्या जात त्यांत एक होती राष्ट्रीयत्व : अर्जदार डच आहे की नाही. डच नसलेल्याचे गुण वाढायचे. कमी उत्पन्नानेही वाढायचे. ज्यांना भत्त्याची गरज सर्वांत जास्त, तेच संशयाच्या यादीत सर्वांत वर.

पुढची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला अर्ज मिळायचा, पण त्याचे गुण जास्त का आले हे सांगितले जात नसे. संशय कशाचा हे ठाऊक नसेल, तर तो दूर झाला हे तरी कोण ठरवणार? शिवाय एका गटाची तपासणी जास्त झाली की त्या गटातल्या चुकाही जास्त सापडतात आणि त्या चुकांवरून प्रणाली तोच संशय पुन्हा शिकते. त्या कार्यालयात परक्यांचा द्वेष करणारा एकही माणूस नसता, तरी हे असेच घडले असते. पण तो रकाना आपोआप आला नव्हता. कोणीतरी तो घातला होता, कोणीतरी मंजूर केला होता.

शिक्षा तर चुकीच्या मानाने भयंकर होती. एखादी सही राहिली, पाळणाघराला स्वतःचा द्यायचा हिस्सा थोडा कमी पडला, तरी सगळ्या वर्षाचा भत्ता परत मागितला जाई. बाकी हजारो युरोंची निघे. ‘हेतुपुरस्सर’ असा शेरा पडला की हप्ते पाडून देण्याची सवलतही बंद. कर्ज, घर गमावणे, मोडलेले संसार यांच्या कहाण्या पुढे चौकशीत आल्या. या कुटुंबांतील हजाराहून अधिक मुलांना बालसंरक्षण यंत्रणेने घराबाहेर ठेवले. न्यायालयांनी तरी अडवायला हवे होते. पण देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने, राज्य परिषदेने, ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा वसुलीचा अर्थ ऑक्टोबर २०१९ पर्यंत उचलून धरला.

हे बाहेर आले ते काही माणसांच्या चिवटपणामुळे. २०१४ मध्ये आइंडहोवनमधील एका पाळणाघर-संस्थेच्या सुमारे ३०० कुटुंबांचा भत्ता थांबवण्यात आला. त्यातील बहुतेकांची मुळे परदेशातली होती. वकील एव्हा गोन्सालेस पेरेस यांनी ही प्रकरणे लढायला घेतली, खासदार पीटर ओमत्सिख्ट आणि रेन्स्के लायटेन यांनी संसदेत पाठपुरावा केला, पत्रकार मागे लागले. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने या पालकांवर अभूतपूर्व अन्याय झाल्याचे सांगितले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मार्चच्या निवडणुकीत रुटे यांचाच पक्ष पुन्हा पहिला आला. बाधित पालकांना किमान ३०,००० युरो देण्याचे ठरले. माहिती संरक्षण प्राधिकरणाने कर विभागाला २७.५ लाख युरोंचा दंड केला. कर विभागात संस्थात्मक वंशभेद होता, ही कबुली सरकारने २०२२ मध्ये दिली.

जगभर समतेच्या लढ्याला आज जे वळण मिळते आहे ते इथून दिसते. ‘तुम्हाला प्रवेश नाही’ असे तोंडावर ऐकणाऱ्याला निदान आपला अपमान झाला हे कळते. तो साक्षीदार आणू शकतो. इथे प्रत्येक पालकाला वाटत राहिले की चूक आपलीच. शेजारणीला किती गुण मिळाले हे कळल्याशिवाय भेदभाव सिद्ध करणार कसा? म्हणून ‘वाईट हेतू होता का’ याऐवजी ‘परिणाम कोणावर झाला’ आणि ‘कारण दाखवा’ या दोन मागण्या पुढे आल्या आहेत. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने डच सरकारची ‘सिरी’ ही दुसरी प्रणाली याच मुद्द्यावर रोखली. सरकारी माहिती एकत्र जुळवून संशयित निवडणारी ही प्रणाली प्रामुख्याने गरीब वस्त्यांवर वापरली जात होती. तिचे कामकाज तपासता येण्याजोगे पारदर्शक नाही, त्यामुळे युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाचा, खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग होतो, असे न्यायालय म्हणाले. १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आलेला युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा सरकारी मदतीची पात्रता ठरवणाऱ्या प्रणालींना उच्च जोखमीच्या मानतो. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात.

नेदरलँड्स लांब आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. तेलंगणात संगणकीय पडताळणीच्या आधारे मोठ्या प्रमाणावर शिधापत्रिका रद्द झाल्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करायला सांगितले. आपल्याकडे कारण मागण्याचा हक्क आधीपासून आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे सरकारी कार्यालयाचे कर्तव्य आहे. तुमच्या घरातील, वस्तीतील कोणाचे रेशन, पेन्शन किंवा शिष्यवृत्ती ‘सिस्टीममध्ये अपात्र दाखवते’ एवढ्या उत्तरावर थांबली असेल, तर तिथून परत फिरू नका. दहा रुपयांचा अर्ज करा आणि नेमके कोणत्या नोंदीमुळे अपात्र ठरवले, ते लेखी मागा.